उचकीवरचं कवठ

माझी बायको सारजा गेल्याचं वस्तीला कळलं तेव्हा आमच्या अंगणात एक अनोळखी माणूस अंग खाजवत बसला होता.

मी त्या वेळी बारामतीत होतो. दवाखान्यात सकाळी तिची छाती भरून आली आणि डॉक्टर धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या मुलानं, नागेशनं, वस्तीवर फोन केला. दवाखान्याची गाडी घेऊन आम्ही पोचलो तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. त्यात हा एक. अंगात पांढरा शर्ट, खिशाला कारखान्याचा बिल्ला, आणि दोन्ही हातांनी मान, दंड, पाठ, जिथं हात पोचेल तिथं ओरबाडत होता. गाडीचं दार उघडलं तसा तो उठून उभा राहिला आणि त्यानं छाती दोन्ही हातांनी खसाखसा खाजवली. बायकांना वाटलं ऊर बडवून घेतोय. त्यांनी आणखी मोठ्यानं रडायला सुरुवात केली.

सारजाची धाकटी बहीण मुक्ताबाई लासुर्ण्याहून आली होती. तिनं रडता रडताच त्याला विचारलं, "तुमी कुणातलं? आमच्या दाजींकडलं का?"

"न्हाय," तो म्हणाला. "मी पित्ताचा."

मुक्ताबाई रडायची थांबली. तिनं त्याचा हात ओढून पाहिला. कोपरापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या. ती तशीच उठली, पदर खोचला, बांधावरच्या कवठाखाली गेली आणि खालच्या फांदीचा पाला ओरबाडून आणला. आमच्या घरात सुतक, म्हणून शेजारच्या पाट्यावर तो वाटला, त्यांच्याच ताकात रस पिळला आणि कवठाच्या वाळक्या कवटीत ओतून त्या माणसापुढं धरला.

"प्या. अक्काच्या दारातनं माणूस खाजवत जायचं न्हाय."

मग ती परत येऊन अक्काच्या उशाशी बसली आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं रडायला लागली.

त्या माणसाचं नाव मानसिंगराव. भवानीनगरला कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजायला होते. दर थंडीत अंगावर पित्त उठायचं म्हणून रजा टाकून औषधाला आले होते. औषध पिऊन लगेच निघून जाणं त्यांना बरं दिसेना, म्हणून मयताला थांबले. तिरडीला खांदाही दिला. मसणवट्यात जाळाच्या धगीनं त्यांच्या गांधी पुन्हा उठल्या. माझा मित्र दत्तोबा यानं आपली घोंगडी त्यांच्या पाठीवर टाकली आणि वरून जोरजोरात चोळली, कारण घोंगडीनं चोळलं की गांधी दबतात. लांबून बघणाऱ्याला वाटत होतं, दुःखानं खचलेल्या माणसाला सावरतायत. मला त्या दिवशी असं कोणी सावरलं नाही. मला पित्त नव्हतं.

आमचं कवठ कोणी लावलेलं नाही. वडिलांकडं मेंढरं होती तेव्हाही ते होतं. पुढं मेंढरं गेली, कालव्याचं पाणी आलं, चारी बाजूंनी ऊस झाला. कवठ राहिलं, कारण त्याला काटे आहेत आणि तोडायला कोणी पुढं येत नाही. त्यात आमचा काही थोरपणा नाही.

औषध सारजाचं. ते तिला तिच्या आईकडून आलं होतं. पाल्याचा रस पित्तावर. कच्च्या कवठाचा गर जुलाबावर. आणि पिकलेल्या कवठाचा गर, मध आणि चिमूटभर पिंपळीची पूड असं चाटण उचकीवर. हे शेवटचं तिचं नावाजलेलं. इंदापूर, बारामती दोन्हीकडची माणसं उचकीला आमच्याकडं यायची. एकदा एक नवरदेव मुंडावळ्या बांधूनच आला होता. वऱ्हाडाची गाडी रस्त्यावर थांबवून चाटण घेतलं आणि मग लग्नाला गेला.

माझं काम फक्त कवठं काढायचं. मी शिडीवर चढून आकडीनं एकेक कवठ खाली पाडायचो. सारजा खाली उभी असायची. ती कवठ उचलायची आणि कमरेच्या उंचीवरून पुन्हा मातीत सोडायची. उसळलं तर कच्चं. धप्प करून जाग्यावर बसलं तर पिकलं. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून कानानं ओळखायचं. ती कान तिरका करून ऐकायची आणि वर न बघताच म्हणायची, "ह्ये न्हाय. दुसरं." मी म्हणायचो, बरं. आमचं बरंचसं बोलणं असंच होतं.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचा पहिला घास घेतला आणि मला उचकी लागली.

सुनेनं, दिपालीनं, पाणी दिलं. पाणी प्यायलो तरी उचकी थांबेना. दत्तोबा चहाला आला होता. तो म्हणाला, "कोणतरी आठवण काढतंय सावळा तुझी." आमच्याकडं उचकीचं असंच धरतात. मग एकेकाची नावं घ्यायची. ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली. दत्तोबाला हे काम फार आवडतं.

"रावणगावचा गेणू?"

उचक्.

"तुझा साडू?"

उचक्.

"छ्या. त्यो कशाला आठवण काढतोय. तुझा फवारणीचा पंप नेलाय त्यानं. त्यो तर तुझं नाव बी घ्यायचा न्हाय, पंपाची आठवण हुईल म्हणून. कालव्याचा पाटकरी?"

उचक्.

"गावचा तलाठी?"

"आवं, त्यो कशाला?" दिपाली म्हणाली.

"कुणास ठावं. एकटा असंल बिचारा."

अशी पुष्कळ नावं झाली. मग दत्तोबाची नावं संपली. सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं आणि ते कोणालाच घेता येत नव्हतं.

"वैनी?" दत्तोबानं हळूच म्हणून पाहिलं.

उचक्.

"आई?" नागेश म्हणाला.

उचक्.

"असं न्हाय चालत," मुक्ताबाई म्हणाली. महिन्याचं होईपर्यंत ती आमच्याकडंच राहिली होती. "नात्यानं कशी थांबंल? वैनी काय जगात एकच हाय का? नाव पायजे. चांगलं नावानं बोलवाय पायजे."

"मग घे की तू."

"माझ्यापरीस मोठी ती. मी कशी घिऊ? आन् नागेशला आईचं नाव घ्याय लावता का आता? दाजींनी घ्यावं. त्यांचा हक हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. "अगं" म्हणायचो, "ऐकलंस का" म्हणायचो, नागेश झाल्यावर "नागेशची आई" म्हणायचो. लग्नात बायकांनी घास अडवून धरला होता तेव्हा नाव घेतलं, तेही इतकं हळू की त्या पुन्हा घ्या म्हणाल्या. ती तर माझं नाव रेशनच्या दुकानातही घ्यायची नाही, नुसतं कार्ड पुढं करायची. इथं कागदावर मी तिचं नाव लिहितो आहे. हाताला ते जमतं. तोंडाला सवय नाही.

"ऱ्हाऊ द्या मग," मुक्ताबाई म्हणाली. "अक्काचं चाटण देते. कवठं हायत न्हवं?"

"कच्ची हायत अजून," मी म्हणालो.

तेवढ्यात बांधावर धप्पकन कवठ पडलं. सगळ्यांनी ऐकलं. चांगलं पिकलेलं होतं.

"वाऱ्यानं पडलं," मी म्हणालो.

वारा नव्हता. मुक्ताबाईनं माझ्याकडं नीट पाहिलं.

उचकी चालूच राहिली. जेवताना जास्त, एरवी कमी, पण पाठ सोडेना. वस्तीतल्या प्रत्येकानं आपापला इलाज केला. कोणी साखरेचा बकाणा भरायला लावला. कोणी ओणवं होऊन भांड्याच्या पलीकडच्या कडेनं पाणी प्यायला लावलं, त्यात माझा सदरा भिजला. दत्तोबा तर मला दचकवायला म्हणून उसाच्या फडात दडून बसला आणि मी जाताना ओरडत बाहेर आला. मी दचकलो नाही. माझ्यामागून ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा स्लिपबॉय मोटारसायकलवर येत होता, तो दचकून पाण्याच्या चारीत गेला. त्याची उचकी मात्र, असलीच तर, थांबली असेल.

मग नागेशनं मला बारामतीला नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला नळी लावली, पोट दाबलं आणि विचारलं, "काही टेन्शन आहे का, आजोबा?"

"आई वारली," नागेश म्हणाला.

"आपल्याकडंच होत्या का? त्यांचे कागद बघतो. नाव सांगा."

नागेशनं माझ्याकडं पाहिलं. मी उचकी दिली. नागेशची जीभ माझ्यासमोर वळेना. शेवटी त्यानं डॉक्टरांचं पेन घेतलं आणि त्यांच्या चिठ्ठीवर नाव लिहून दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, "लिहून का दाखवताय? बोलता येतं ना?"

"तसं न्हाय साहेब. आबांच्या म्होरं नाव घ्यायला नको वाटतं. आन् घेतलं तर उचकी थांबंल."

"थांबेल? मग चांगलंच आहे की."

"व्हय. पर मग ती आईच असंल."

डॉक्टरांनी पेन परत घेतलं. जरा वेळ आम्हा दोघांकडं पाहिलं आणि म्हणाले, गोळ्या देतो, थांबली नाही तर आजोबांच्या डोक्याचा फोटो काढू. "तुमचाही काढून घ्या बरोबर," असं त्यांनी नागेशला सांगितलं.

गोळ्यांनी झोप आली. दिपाली म्हणाली, झोपेतही उचकी चालूच होती. फरक एवढाच पडला की मला ती कळत नव्हती. म्हणून मी गोळ्या सोडल्या.

त्रास होता. घास अडायचा, बरगड्या दुखायच्या. पण उचकी लागली की मला वाटायचं, आता तिनं आठवण काढली. सकाळी लागली तर वाटायचं, भाकरी थापताना काढली असेल. तिकडं भाकरी थापतात का माहीत नाही. घरातल्या तिच्या वस्तू होत्या तिथंच होत्या, त्यांच्याकडं बघून काही होत नव्हतं. ही उचकी मात्र तिच्याकडून यायची. ती थांबली की तिकडून काहीच येणार नव्हतं. म्हणून मला ती थांबवायची नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

दत्तोबाला मात्र चैन पडेना. नाव घेऊन खात्री करायची राहिली होती. त्यानं डोकं लढवलं. सारजापेक्षा वयानं मोठं आणि तिला नावानं हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं, माझी चुलती बानूबाई. आमचं लग्न तिनंच जुळवलेलं. ती पिंपळी गावात आपल्या मुलाकडं, लखनकडं असते. दत्तोबानं लखनला फोन लावला. "म्हातारीला घिऊन ये. फार काम न्हाय. एक नाव घ्यायचं हाय."

दुपारी लखनचा छोटा हत्ती टेम्पो अंगणात येऊन उभा राहिला. पुढं लखन आणि बानूबाई, मागं खताची पोती. बानूबाईला उतरवून घोंगडीवर बसवलं. दिपालीनं पाणी दिलं. वस्तीतली माणसं बघायला जमली.

"कुणाचं नाव घिऊ?" बानूबाईनं विचारलं.

"वैनीचं," दत्तोबा म्हणाला.

"कुठल्या वैनीचं?"

"ह्या सावळाच्या बायकूचं."

"मग तिला बोलवा की भाईर. तिच्या म्होरं घेते. हाय कुठं ती? कवठाखाली असंल."

लखननं कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! म्हातारीला सांगितलंच न्हाय आमी. बीपी वाढंल म्हणून नंतर सांगू म्हणलं, आन् ऱ्हाऊनच गेलं."

बानूबाईनं लखनकडं पाहिलं, दिपालीच्या डोळ्याला लागलेल्या पदराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं. तिनं दोन्ही हात जमिनीवर आपटले.

"सारजेऽऽ! माझ्या आधी कशी गं गेलीस, सारजेऽऽ! म्या तुला ह्या घरात आणली, सारजेऽऽ!"

बायका पुन्हा रडायला लागल्या. मुक्ताबाई बानूबाईच्या गळ्यात पडली. पहिल्या दिवसापेक्षा मोठी रड झाली. त्यात दत्तोबा एकदम हात वर करून उठला.

"गप! गप बसा समदी! उचकी थांबली!"

सगळे गप्प झाले. बानूबाईसुद्धा. अंगणात एवढी माणसं, पण कोणी हलेना. सगळे माझ्या गळ्याकडं बघत होते. मीही ऐकत होतो. उचकी खरंच थांबली होती.

बानूबाईनं नाक पुसलं. "म्या रडू का थांबू?"

"रडा काकी, रडा," दत्तोबा म्हणाला. "पर नाव घिऊन रडा."

ती रडली. दिवस कलेपर्यंत तिनं नाव घेतलं आणि मला एकदाही उचकी आली नाही. मग लखन तिला घेऊन गेला. छोटा हत्ती रस्त्याला लागला, मी चहाचा घोट घेतला आणि उचक्.

"म्हातारीला हितंच ठिवून घ्यायला पायजे हुतं," दत्तोबा म्हणाला.

पण वस्तीची खात्री पटली. सारजा आठवण काढते आहे, यात आता कोणाला शंका राहिली नाही. बायका माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावायच्या. माणसं रस्त्यात थांबवून विचारायची, "आज काढली का?" मी म्हणायचो, "सकाळी काढली." मला ते बरं वाटायचं.

मग एक दिवस मानसिंगराव आले. पित्त नव्हतं. नुसतेच आले होते. वस्तीत त्यांना आता सगळे पित्तवाले मानसिंगरावच म्हणत. ते ओट्यावर बसले, पण नीट बसेनात. मुक्ताबाईनं विचारलं, "पुन्हा उठलं व्हय?"

"न्हाय वो. पित्ताचं न्हाय. येगळंच हाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आबा, राग मानू नका. काट्यावर गाड्या रांगेला उभ्या असत्यात, लोकास्नी बोलल्याबिगर वेळ जात न्हाय. तितं तुमचा विषय निघाला. लोक म्हणत्यात, बाईनी सगळ्या तालुक्याची उचकी थांबवली आन् तिच्याच घरात नवरा उचक्या देतोय. म्हणजे औषधात काय नव्हतंच. उचकी आपली आपण थांबत हुती आन् नाव कवठाचं."

"कोण म्हणलं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"समदेच. माळेगावाकडचा एक ड्रायव्हर हाय, त्याला परवा उचकी लागली. मी म्हणलं, आबांकडं जा, कवठाचं चाटण घ्या. तर म्हणाला, तितं कशाला, तितं म्हातारा मला उचकी लावून पाठवायचा. मी भांडलो वो आबा. मी म्हणलं, मी पित्ताचा हाय, मला इचारा. तर म्हणत्यात, पित्त येगळं, उचकी येगळी."

मुक्ताबाई उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"दाजी, खरं सांगा. तुमाला उचकी थांबवायचीच न्हाय."

उचक्.

"म्हणून कवठं कच्ची. म्हणून गोळ्या सोडल्या. मला काय कळत न्हाय व्हय? थांबली तर अक्का विसरली म्हणतील, ह्योच घोर ना?"

मानसिंगराव जमिनीकडं बघायला लागले. नागेश आत गेला. मी म्हणालो, "तसं काय न्हाय." पण मध्येच उचकी आली आणि ते दोन तुकड्यांत बाहेर पडलं.

"अक्का आठवण काढती तर काढू द्या की. तिला कोण अडवतंय? पर जल्मभर तिनं दुसऱ्याची उचकी थांबवली. आन् तुमची चालू ठिवंल व्हय ती? तुमाला अशी उचकी देताना बघितलं असतं ना, तर पयल्या दिशीच नाक दाबून चाटण घातलं असतं तोंडात."

ते खरं होतं. तिनं घातलं असतं.

औषध घेतलं आणि उचकी थांबली, तर तिचं नाव राहील पण तिकडून येणारं बंद होईल. औषध घेतलं आणि थांबली नाही, तर ती आठवण काढतेय हे पक्कं, पण मग तिचं औषध खोटं. घेतलंच नाही तर काट्यावरची माणसं रोज बोलणार, आणि ऊस तर अजून फडात पुष्कळ उभा होता. मी हे सगळीकडून बघितलं. मग विचारलं, "आकडी कुठं हाय?"

शिडी लावली. मी वर चढलो. काटे दंडाला लागत होते. खाली सारजाच्या जागी कोणाला उभं करायचं यावर वाद झाला. दत्तोबा म्हणाला, मी. मानसिंगराव म्हणाले, माझं मोजमापाचं काम हाय, मला जमंल. शेवटी दोघंही उभे राहिले.

पहिलं कवठ मानसिंगरावांच्या बुटाशेजारी पडलं. ते मागं सरकले. दत्तोबानं कवठ उचललं आणि सोडलं.

"उसळलं," मानसिंगराव म्हणाले. "कच्चं हाय."

"उसळलं न्हाय. घरंगळलं."

"मी बघितलं की. इतकं उसळलं."

"तुमी काट्यावर असंच मोजता काय ऊस?"

"तुमी टाकलं न्हाय, आपाटलं. हळू सोडायचं असतं."

"मग सोडा तुमी!"

मानसिंगरावांनी सोडलं. आता दोघंही वाकून जमिनीकडं बघायला लागले, जणू कवठ स्वतःच काही सांगणार आहे. मी वरून ऐकलं होतं. "ह्ये न्हाय," मी म्हणालो. "दुसरं."

दोघांनी वर पाहिलं. मीही जरा थबकलो. मग आकडी पुढच्या फांदीला लावली. काही कवठं पाडल्यावर एक धप्प करून बसलं. ते कोणी सोडून पाहायच्या आधीच मी शिडीवरून उतरायला लागलो.

मुक्ताबाईनं ते दगडावर फोडलं. आतला गर तपकिरी झाला होता आणि वास अंगणभर पसरला. तिनं गर कवटीतच कालवला, मध घातला, पिंपळीची पूड चिमटीनं टाकली. तोवर वस्तीतली माणसं जमली होती. मुक्ताबाईनं कवटी माझ्या हातात दिली. नाक दाबलं नाही, पण जवळ उभी राहिली.

मी चाटलं. आंबट, गोड, मग घशात तिखट. सारजा द्यायची तेव्हा लोक तोंड वाकडं का करायचे ते मला तेव्हा कळलं. मी कधी घेतलं नव्हतं. मला कधी उचकी लागून राहिलीच नव्हती.

कवटी खाली ठेवली. सगळे बसून राहिले. कारखान्याचा भोंगा झाला. उसाची एक ट्रॉली गाणी लावून रस्त्यानं गेली. बाकीचे उचकी थांबायची वाट बघत होते. मी ती यायची वाट बघत होतो.

ती आली नाही.

दिपालीनं भाकरी आणून दिली. मी घास घेतला. घास उतरला. दुसरा घेतला. तोही उतरला.

"झालं!" मानसिंगराव उठून उभे राहिले. "आता जातो आन् काट्यावर एकेकाला सांगतो. मी डोळ्यानं बघितलं म्हणून सांगतो. त्या ड्रायव्हरला तर घिऊनच येतो." ते गाडीला किक मारून गेलेसुद्धा.

लोक कवठाकडं बघत होते. एकजण म्हणाला, बाईचा हात गुणाचा होता. दुसरा म्हणाला, हात कुठं, हात तर मुक्ताबाईचा. मग झाडाचा गुण, असं ठरलं. तरी शेवटी सगळे सारजाचंच बोलत होते. वैनीचं औषध, आत्याचं औषध, अक्काचं औषध.

दत्तोबा माझ्याजवळ सरकला. "मग सावळा, आता वैनीनं आठवण काढायचं सोडलं म्हणायचं काय?"

"दत्तोबा भावजी," मुक्ताबाई म्हणाली, "तुमची भाकर घरी वाट बघतीय."

दत्तोबा गेला.

ह्याला आता दिवस झाले. मुक्ताबाई लासुर्ण्याला परत गेली. माळेगावचा ड्रायव्हर खरंच येऊन गेला आणि त्याच्या मागून आणखी माणसं यायला लागली. उचकीचं चाटण मीच कालवतो, मुक्ताबाईनं दाखवलं तसं. कवठ मीच पाडतो आणि मीच खाली उतरून सोडून ऐकतो. वेळ जास्त लागतो.

मला उचकी येत नाही. जेवताना आता कोणी नावं घेत नाही, कारण गरज नाही. दिपाली वाढते, नागेश मोबाइल बघत जेवतो, घास नीट उतरतो. परवा ताटावर बसलो असताना मी तोंड उघडलं.

"काय देऊ आबा?" दिपालीनं विचारलं.

"चटणी," मी म्हणालो.

नाव घ्यायचं अजून राहिलं आहे.